ओढ्यातले छोटे मासे नेमकं काय खातात, हे तपासायचं कसं: जाळं टाकण्याआधीपासून आकडे काढेपर्यंत

समुद्राजवळच्या जंगलातले ओढे म्हणजे दाट सावली, पाचोळ्याने भरलेले डोह, पानांच्या अर्कामुळे कधीकधी चहासारखं दिसणारं पाणी आणि त्यात बोटभर लांबीचे मासे. हे मासे काय खातात यावर प्रोजेक्ट करणारे बरेच जण एकाच जागी फसतात, त्यांना वाटतं खरं काम मायक्रोस्कोपखाली सुरू होतं. तसं नाहीये. पोट उघडून बघितलं की आत नुसता तपकिरी चिखल दिसतो, मग "डेट्रिटस ८० टक्के" (डेट्रिटस म्हणजे कुजलेला पाचोळा-गाळ) असं लिहून मोकळे होतात, आणि तो चिखल बऱ्याचदा माशाने खाल्लेलाच नसतो, मासा पकडल्यावर तीन-चार तास तसाच ठेवला म्हणून झालेला असतो. मी स्वतः एक आख्खा पावसाळ्यानंतरचा सीझन असाच घालवलाय, बर्फावर ठेवलेत म्हणजे सुरक्षित आहेत असं धरून चाललो होतो. म्हणून खाली ओढ्यावरच्या कामावर जास्त लिहिलंय, लॅबमधलं त्याच्या मागोमाग येतं.

१. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

"माशांचा आहार" हा प्रश्न नाही, विषय आहे. प्रश्न असा हवा: या जातीचा मासा पाण्यातल्या किड्यांवर जगतो की झाडावरून पडणाऱ्या? सावली तोडलेल्या पट्ट्यात त्याचं खाणं बदलतं का? एकाच डोहात राहणाऱ्या दोन जाती तेच खातात का? हे ठरलं की पुढचं बरंचसं आपोआप ठरतं. झाडावरून पडणाऱ्या किड्यांचा प्रश्न असेल तर संध्याकाळचे मासे लागतील आणि पडणारे किडे पकडायला ट्रे लावावे लागतील, दोन जातींची तुलना असेल तर दोन्ही जाती एकाच डोहातून, एकाच तासात घ्याव्या लागतील.

जंगलातल्या ओढ्यात वरून पडणारं खाणं किरकोळ नसतं हे डोक्यात ठेवा. जपानमधल्या होक्काइदोच्या एका जंगलातल्या ओढ्यावर वर्षभर मोजमाप झालं तेव्हा माशांच्या वर्षाच्या ऊर्जेपैकी साधारण ४४ टक्के जमिनीवरच्या किड्यांकडून आलेली दिसली, हे २००१ साली प्रसिद्ध झालं. तुमच्या ओढ्यात आकडा वेगळा येईल, पण मोजायची सोयच केली नाही तर तो कधी कळणारच नाही.

२. परवानगी आणि किती मासे घ्यायचे

वन खातं, मत्स्य खातं, संस्थेची प्राणी-नैतिकता समिती, जे लागू असेल त्या सगळ्यांची लेखी परवानगी ओढ्यावर जायच्या आधी हातात हवी. ही नुसती कागदपत्रांची बाब नाही. किनारपट्टीचे छोटे ओढे एकमेकांपासून तुटलेले असतात, दोन ओढ्यांच्या मध्ये समुद्र, त्यामुळे काही जाती एक-दोन ओढ्यांपुरत्याच उरलेल्या असतात. अशा ओढ्यातून ६० मासे मारून आणणं म्हणजे खूप मोठी गोष्ट आहे. आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या लाल यादीत (धोक्यातल्या जातींच्या यादीत) जात बघा, धोक्यात असेल किंवा जात नक्की ओळखताच येत नसेल तर मारायची नाही, पंखाचा छोटा तुकडा किंवा विष्ठा घेऊन काय करता येईल ते बघा.

संख्या ठरवायला साधी युक्ती आहे. पोटं उघडत जाताना प्रत्येक माशानंतर आत्तापर्यंत एकूण किती प्रकारचं खाद्य सापडलं ते ग्राफवर टाकत जा. रेषा चढायची थांबून आडवी व्हायला लागली की संख्या पुरेशी झाली. १० माशांत क्वचित होते, दोन-तीन डझनांत बऱ्याचदा होते. म्हणून एकदम शंभर आणू नका, थोडे आणा, बघा, लागले तरच परत जा.

३. जागा आणि वेळ

ओढ्याचा ५०-१०० मीटरचा पट्टा निवडा आणि त्यातली खळखळ वाहणारी उथळ जागा, डोह आणि पाचोळा साचलेले कोपरे नकाशावर वेगवेगळे मार्क करा. प्रत्येकातून पकडलेले मासे शेवटपर्यंत वेगळेच ठेवायचे. लोच खळखळाटात दगडाखाली असतो, बार्ब आणि डॅनियो डोहात वर फिरतात, गोबी तळाला चिकटून बसतो, सगळे एका बादलीत टाकले तर खाण्यातला फरक जातीमुळे आहे की जागेमुळे हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

वेळेचा घोळ तर कायमचा. दुपारी सोयीचं म्हणून दुपारी मासे पकडायचे आणि "४० टक्के पोटं रिकामी" असा निष्कर्ष लिहायचा. अहो, तो मासा पहाटे खाऊन बसलाय, दुपारपर्यंत पचलंय! गरम पाण्यात मऊ अळ्या-किडे काही तासांतच ओळखू येईनासे होतात. एकदा तरी २४ तासांची फेरी करा, दर ३-४ तासांनी थोडे थोडे मासे, पोट किती भरलंय ते बघा, आणि जास्तीत जास्त भरलेलं ज्या वेळी सापडेल ती वेळ पुढच्या सगळ्या भेटींना पाळा.

आता किनारपट्टीची खास अडचण. ओढ्याच्या खालच्या भागात भरती आत शिरते, आणि खारं पाणी जड असल्यामुळे तळाशी सरकतं, वर गोडंच राहतं. वरून बाटली भरून खारटपणा मोजला की शून्य दाखवतो आणि तळाला गोबी खाऱ्या पाण्यातलं खात बसलेला असतो. म्हणून वरचं आणि तळाचं अशी दोन रीडिंग घ्या, भरती-ओहोटीचं टेबल वहीत चिकटवा, प्रत्येक सॅम्पलपुढे भरती की ओहोटी ते लिहा. शिवाय इथले बरेच गोबी आणि झिंगे लहानपणी समुद्रात जाऊन परत ओढ्यात चढणारे असतात, तेव्हा ठराविक दिवसांत मोठ्या माशांच्या पोटात अचानक बारीक पिल्लंच पिल्लं सापडली तर दचकू नका, ती चढायची वेळ असू शकते, तारीख नीट नोंदवा.

तपासा: जोराच्या पावसानंतर लगेच जाऊ नका, गेलात तर ते सॅम्पल वेगळं ठेवा. पुरात माती आणि जमिनीवरचे किडे धुऊन येतात, त्या दिवसाचं खाणं नेहमीचं नसतं.

४. ओढ्यावरच्या कामाचा क्रम

हा क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं, म्हणून नीट वाचा.

आधी काठावर, पाण्याच्या पातळीजवळ उथळ ट्रे ठेवा, त्यात पाणी आणि साबणाचे दोन थेंब, झाडावरून पडणारे किडे यात बुडतात. हे २४ तास किंवा जास्त राहू द्या. मग पट्ट्याच्या वरच्या टोकाला ड्रिफ्ट नेट लावा, वाहत येणारं खाद्य त्यात जमतं. हे लावताना त्या पट्ट्यात पाय टाकायचा नाही, काठाकाठाने जायचं.

मग मासे. खालच्या टोकाकडून वरच्या टोकाकडे सरकत पकडायचे. उलट गेलात तर तुमच्या पायाने उसकटलेल्या अळ्या खाली वाहतात, खालचे मासे त्या समोर आल्या म्हणून खाऊन टाकतात आणि तुम्ही तेच मासे पकडून "तळातल्या अळ्या प्रमुख खाद्य" असं लिहिता. ती मेजवानी तुम्हीच दिलेली असते.

सगळ्यात शेवटी तळातल्या जीवांचं सॅम्पल, सर्बर सॅम्पलरने, म्हणजे ३० बाय ३० सेंटिमीटरची चौकट आणि मागे जाळी, जिथे कोणी चाललं नाही अशा जागी. चौकटीतले दगड एकेक करून हाताने घासून जाळीसमोर धुवायचे.

सावधान: खाद्य ठेवलेले सापळे वापरू नका, पोटात तुमचंच पीठ सापडेल. जाळं रात्रभर लावून ठेवायचं नाही, अडकलेला मासा तासन्‌तास पचवत राहतो आणि धडपडीत खाल्लेलं ओकूनही टाकतो. हातजाळी किंवा छोटं ओढजाळं बरं. इलेक्ट्रोफिशिंग, म्हणजे पाण्यात करंट सोडून मासे पकडणं, फक्त ट्रेनिंग घेतलेल्या माणसाने करायचं, आणि भरतीच्या खाऱ्या पाण्यात ते नीट चालतही नाही कारण करंट माशातून जाण्याऐवजी पाण्यातूनच निघून जातो.

बादलीत मोठे आणि छोटे मासे एकत्र ठेवू नका. एवढासा मोठा मासासुद्धा बादलीत शेजाऱ्याला गिळतो किंवा त्याचे खवले ओरबाडतो.

५. पकडल्यापासून पहिली दहा-पंधरा मिनिटं

जिवंत मासा थेट फॉर्मलिनमध्ये टाकायचा नाही. एक तर ते क्रूर आहे, जीव घ्यायचाच तर त्याला त्रास न देता घेणं हे आपलं काम आहे, आणि दुसरं म्हणजे तडफडताना तो पोटातलं ओकतो. आधी भुलीच्या औषधाचा जास्त डोस, लवंगेच्या तेलातलं युजेनॉल किंवा एमएस-२२२, जे तुमच्या परवानगीत असेल ते. लवंगेचं तेल पाण्यात मिसळत नाही, आधी १ भाग तेल ९ भाग अल्कोहोलमध्ये विरघळवा मग पाण्यात घाला. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावर अजून १० मिनिटं थांबा.

मग लगेच १० टक्के फॉर्मलिन. हे १० टक्के म्हणजे बाजारातलं तीव्र फॉर्मलिन १ भाग आणि पाणी ९ भाग, यातही गफलत होते, लोक १० टक्के फॉर्माल्डिहाइड समजून भलतंच दाट करतात. थोडा बोरॅक्स घाला, नाहीतर आम्ल वाढून पोटातल्या बारीक गोगलगायींचे शंख विरघळतात, आणि मग तुम्ही लिहिता की मासा गोगलगाय खात नाही. माशांच्या आकारमानाच्या साधारण दहापट द्रावण हवं. ८-१० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या माशाच्या पोटाला बाजूने छोटी चीर द्या म्हणजे द्रावण आत पोचेल. छोट्यांना दोन-तीन दिवस पुरतात, मग पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये.

सावधान: फॉर्मलिनमुळे कॅन्सर होऊ शकतो. ग्लोव्ह्ज, गॉगल, मोकळी हवा, आणि उरलेलं द्रावण ओढ्यात किंवा जमिनीवर एक थेंबही नाही, बाटलीत भरून परत आणायचं.

डीएनए किंवा आयसोटोप (एकाच मूलद्रव्याच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण मोजून मासा कशावर वाढला ते बघणं) करायचे असतील तर तो तुकडा फॉर्मलिनच्या आधी काढा. डीएनएसाठी ९५ टक्क्यांपुढचं अल्कोहोल, आयसोटोपसाठी स्नायूचा तुकडा गोठवा किंवा ६० अंशांवर वाळवा. नंतर आठवलं तर उपयोग नाही.

लेबल पेन्सिलने, जाड कागदावर, बाटलीच्या आत. बाहेर मार्करने लिहिलेलं अल्कोहोलच्या एका ओघळात पुसलं जातं. बाटल्यांची अख्खी रांग कोरी झालेली बघितलीय मी, त्यातलं काहीच वापरता आलं नाही.

तपासा, ओढा सोडण्याआधी: प्रत्येक बाटलीत तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी. जाळी आणि बूट घासून पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या ओढ्यात नाही, रोग आणि परकी शेवाळं तशीच पसरतात.

६. पोट उघडणं

आधी लांबी. तोंडापासून शेपटीचा पंख सुरू होतो तिथपर्यंतची, पंख धरून नाही, कारण बाटलीत पंख तुटतात. मासे लांबीच्या गटांत वाटा, २ सेंटिमीटरचं पिल्लू आणि त्याच जातीचा ६ सेंटिमीटरचा मासा खाण्याच्या बाबतीत दोन वेगळ्या जाती समजा, तोंडाचा आकारच वेगळा आहे.

गुदद्वारापासून पुढे कल्ल्यांपर्यंत बारीक कात्रीने कापा, कात्रीचं टोक वर ठेवून, नाहीतर आतडं फाटतं. आता महत्त्वाचं: बार्ब, डॅनियो, रास्बोरा या सगळ्या कार्पच्या कुळातल्या माशांना खरं जठर नसतंच! जठर शोधत बसू नका, सापडत नाही म्हणून मासा रिकामा आहे असंही लिहू नका. त्यांच्यात घशापासून आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंतचा भाग घ्या. किलीफिश आणि गप्पीच्या कुळालाही जठर नाही. जातींची तुलना असेल तर सगळ्यांचा तोच भाग घ्या, एकाचं जठर आणि दुसऱ्याचं पूर्ण आतडं असं करू नका, मागच्या आतड्यात फक्त न पचणाऱ्या कडक वस्तू उरतात आणि मासा उगाच भुंगेरे खाणारा वाटायला लागतो.

किती भरलंय ते ० ते ४ अशा मार्कांत लिहा, आतलं पेट्री डिशमध्ये पाण्यात हलकेच मोकळं करा.

७. ओळखणं

पहिल्या दिवशी सगळं तपकिरीच दिसतं, धीर सोडू नका. डोकी शोधा. कायरोनोमिड डासाळीचं (डासासारख्या दिसणाऱ्या एका माशीच्या पाण्यातल्या अळीचं) शरीर पचून जातं पण डोक्याची बारीक पिवळसर टोपी, त्यावर दोन काळे डोळ्याचे ठिपके आणि पुढे दातेरी कड, ती शाबूत राहते, मोजायची ती. मुंगीचं डोकं चकचकीत, कोपरासारखा वाकलेला मिशांचा तुकडा चिकटलेला, आणि शेजारी कमरेची ती बारीक गाठ सापडली की शंकाच नाही. वाळूचे कण दिसले तर लगेच "माती" लिहू नका, ते एकमेकांना रेशमाने चिकटून नळी झालेली असेल तर ते कॅडिसफ्लायच्या अळीचं घर आहे, आत अळीचं डोकं मिळेल.

आतड्यात पांढरा, अखंड, अजिबात न पचलेला गोलसर धागा दिसला तर तो बहुतेक परजीवी जंत, खाद्य नव्हे. अळीच्या यादीत घालू नका.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. लोक "पाण्यातले किडे" आणि "जमिनीवरचे किडे" असे दोनच रकाने करतात, आणि पंख दिसला की जमिनीवरचा. पण मेफ्लायचा पंखवाला प्रौढ पाण्यातूनच आलाय! म्हणून तीन रकाने करा: पाण्यातल्या अळ्या आणि कोष, पाण्यात वाढून बाहेर पडलेले प्रौढ, आणि खरोखर जमिनीवरचे, म्हणजे मुंग्या, वाळवी, नाकतोडे, कोळी, सुरवंट. कुठे खाल्लं आणि ते आलं कुठून हे दोन वेगळे प्रश्न आहेत, मधला रकाना नसेल तर झाडांचं श्रेय वाढतं.

८. मोजणं

तीन आकडे काढा. वारंवारता: काहीतरी खाल्लेल्या पोटांपैकी किती पोटांत ते खाद्य आहे. संख्या: एकूण नगांपैकी त्याचे किती. आकारमान: एकूण आकारमानात त्याचा वाटा. रिकामी पोटं वेगळी सांगा, वारंवारतेत धरू नका.

आकारमानासाठी एवढ्याशा पोटात मोजपात्र चालत नाही. ग्राफ पेपरवर काचेची डिश, तिच्यात १ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांची चौकट, खाद्य त्यात पसरून वरून काच दाबायची म्हणजे जाडी सगळीकडे १ मिलिमीटर, मग खालचे चौकोन मोजायचे. १२ चौरस मिलिमीटर भरले तर १२ घन मिलिमीटर. घाई न करता केलं तर फार छान जमतं.

आता गंमत बघा. समजा २४ पोटं, त्यात २०० नग. डासाळ्या १४०, १८ पोटांत, आकारमान १५ टक्के. मुंग्या २०, १२ पोटांत, आकारमान ४० टक्के. आणि एकाच पोटात एक नाकतोडा, आकारमान ३० टक्के. सापेक्ष महत्त्वाचा निर्देशांक म्हणजे संख्या आणि आकारमानाच्या टक्क्यांची बेरीज गुणिले वारंवारता: डासाळ्या ७० अधिक १५, गुणिले ७५, म्हणजे ६३७५. मुंग्या १० अधिक ४०, गुणिले ५०, म्हणजे २५००. नाकतोडा जेमतेम १२७. पण नुसता वारंवारता गुणिले आकारमान काढलं तर मुंग्या २००० आणि डासाळ्या ११२५, क्रमच उलटला! म्हणून कुठला निर्देशांक वापरला आणि का, हे लिहायलाच हवं, आणि तीनही मूळ आकडे टेबलात द्यायलाच हवेत. शेवाळ किंवा पाचोळा खाणारे मासे असतील तर नग मोजताच येत नाहीत, तिथे दुसरी पद्धतच घ्या. आणि फक्त आकारमानावर गेलात तर एका माशाने खाल्लेला एक नाकतोडा सगळ्या जातीचं दुसऱ्या नंबरचं खाद्य बनतो.

९. ओढ्यात काय होतं त्याच्याशी ताळा

मासा निवडून खातो की समोर येईल ते, हे पोटावरून कळत नाही, ओढ्यातल्या सॅम्पलशी ताडावं लागतं. इव्हलेव्हचा निर्देशांक सोपा: पोटातलं प्रमाण वजा ओढ्यातलं, भागिले दोन्हींची बेरीज, उत्तर उणे १ ते अधिक १. पोटात डासाळ्या ७० टक्के आणि सर्बरमध्ये ३५ टक्के असतील तर ०.३३, म्हणजे थोडी निवड आहे. पण मुंग्यांची तुलना सर्बरशी करू नका, तळाच्या दगडांवर मुंग्या नसतातच, उत्तर अधिक १ येणार आणि त्याला काही अर्थ नाही. मुंग्या काठावरच्या ट्रेशी आणि ड्रिफ्ट नेटशी ताडा.

दोन जातींचं खाणं जुळलं म्हणून त्यांच्यात स्पर्धा आहे असं लिहू नका. पावसानंतर वाळवीचे पंखवाले थवे पडले की सगळेच मासे वाळवी खातात, तेव्हा भरपूर असतं म्हणून जुळतं. स्पर्धा म्हणायची तर टंचाईच्या दिवसांतलं सॅम्पल हवं.

आयसोटोप केले असतील तर ते पोटाशी भांडतात असं वाटेल, पोटात निम्मं शेवाळ आणि आयसोटोप म्हणतात शरीर किड्यांपासून बनलंय. दोन्ही बरोबर असू शकतं. पोट गेल्या काही तासांचं सांगतं, स्नायू गेल्या काही आठवडे-महिन्यांचं, आणि खाल्लेलं सगळंच अंगी लागत नाही. नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड अणू) अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला सरासरी ३.४ प्रति हजार वाढतो, पण सुरुवात कुठून मोजायची त्यासाठी त्याच ओढ्यातली पानं, शेवाळ आणि एखादी गोगलगाय त्याच दिवशी घेतलेली हवी. खालच्या पट्ट्यात समुद्रातून आलेलं खाद्य आकडे वर ढकलतं, तिथली सुरुवात वेगळी धरा.

१०. उरलेलं फेकू नका

प्रत्येक माशाच्या पोटातलं सगळं, ओळखलेलं आणि न ओळखलेलंही, ७० टक्के अल्कोहोलमध्ये छोट्या बाटलीत, आत पेन्सिलीने माशाचा नंबर. न ओळखलेल्या तुकड्यांचे फोटो स्केलसकट काढून ठेवा. सहाव्या-सातव्या माशाला "अज्ञात पाय" म्हणून लिहिलेला तुकडा विसाव्या माशात अख्ख्या कोळ्याला चिकटलेला सापडतो, तेव्हा मागे जाऊन दुरुस्त करायला ती सातवी बाटली जाग्यावर असावी लागते.